अतिविष मराठवाड्यात पिकणार नाही

कापूस आणि सोयाबीनने मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला देशोधडीला लावले, आता त्याने हिमालयातल्या वनौषधींकडे वळावे, अशी मांडणी सध्या छत्रपती संभाजीनगरात जोरात चालू आहे. शेतकरी मेळाव्यांत ती ऐकू येते, कृषी प्रदर्शनांच्या मंडपात ऐकू येते, आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या लेखांतही उतरू लागली आहे. अतिविष, कुटकी, जटामांसी ही नावे घ्यायची, त्यांचे किलोचे भाव सांगायचे, बंद खोलीत फुललेल्या केशराचे फोटो दाखवायचे आणि शेवटी रोपांच्या आगाऊ नोंदणीचा फॉर्म पुढे करायचा, असा तिचा ठरलेला क्रम आहे. या मांडणीचा पूर्वार्ध मला मान्य आहे. बोंडअळीने कापसाचे काय केले आणि हमीभावाखाली सोयाबीन विकताना काय वाटते, हे इथे कोणाला समजावून सांगायला नको. उत्तरार्ध मात्र साफ चुकीचा आहे. तो कागदावरच राहणार असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण त्यावर विश्वास ठेवून कोणीतरी कर्ज काढून पॉलीहाउस उभारणार आहे, आणि ते कर्ज फेडायचे त्यालाच आहे.

सगळ्या वनौषधींबद्दल मोघम बोलण्यापेक्षा एकच घेतो. अतिविष घेतो, कारण ते मराठी घराला परके नाही. बाळगुटीच्या पुडीत हरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, काकडशिंगी यांच्याबरोबर जो लहानसा राखाडी कंद असतो, तो अतिविषाचा. पिढ्यान्‌पिढ्या आयांनी तो सहाणेवर दुधात एक-दोन वळसे उगाळला. (आजच्या बाळाला गुटी द्यावी की नाही, हे बालरोगतज्ज्ञाला विचारून ठरवावे, इथे तो विषय नाही.) संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा जुन्या मोंढ्याच्या बाजूला काष्ठौषधींच्या दुकानांत अतिविष मागितले तर दुकानदार बरणीतून चार कंद तळहातावर ठेवतो. घेण्याआधी एक मोडून पाहावा. खरा कंद कटकन मोडतो. आत पिठासारखा पांढरा असतो आणि त्या पांढऱ्यात मधोमध चार ते सात पिवळट तपकिरी ठिपके गोल कडे धरून बसलेले दिसतात. वास जवळपास नसतो. तुकडा जिभेला लावला की कडूपणा बराच वेळ हटत नाही. हे ठिपके दिसले नाहीत, आत धागेदार किंवा काळपट निघाले, तर हातातला माल दुसराच आहे. अशी भेसळ होते, कारण खरा माल कमी आहे. तो कमी का आहे याचे उत्तर त्या वनस्पतीच्या जगण्यात आहे, आणि तिच्या शेतीची स्वप्ने विकणारे नेमके तेवढेच सांगत नाहीत.

अतिविष बचनागाच्या कुळातले. बचनाग जहाल विषारी. अतिविषाच्या कंदात मात्र ते मारक ॲकोनिटिन नसते, त्याच्या जागी अतिसीन आणि त्याच्या जातीची अल्कलॉइड्स असतात. ही वनस्पती हिमालयात साधारण २,४०० मीटरपासून ४,००० मीटरपर्यंत वाढते. तिचे सगळे वेळापत्रक बर्फाने बांधून दिलेले आहे. बर्फ वितळल्यावर एप्रिल-मेमध्ये ती जमिनीतून वर येते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जांभळ्या रेषांची, टोपीसारखी फुले धरते आणि ऑक्टोबरात वरचा सगळा भाग वाळून जातो. जमिनीत कंदांची जोडी असते. जुन्या कंदाच्या जोरावर त्या वर्षीचे झाड वाढते आणि तो कंद संपून जातो, तोवर शेजारी नवा कंद भरलेला असतो. तो नवा कंद पुढचे पाच-सहा महिने बर्फाखाली निपचित पडून राहतो. हा गारठा त्याची विश्रांती आहे. तो चुकला तर पुढची उगवण बिघडते. बियांनाही उगवण्याआधी थंडी लागते. बियांपासून लावलेले पीक काढणीला यायला तीन वर्षे जातात. हाताशी येणारा वाळलेला कंद दोन-तीन सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे किलोभर मालासाठी शेकडो झाडे खणावी लागतात.

आता संभाजीनगर. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर. वर चढत गेलो की हवा दर हजार मीटरला ढोबळमानाने साडेसहा अंशांनी थंड होते. या हिशेबाने साडेतीन हजार मीटरवरचे गवताळ कुरण आणि आपला वैजापूर-गंगापूरचा माळ यांच्यात एकोणीस अंशांचे अंतर आहे. मे महिन्यात इथे पारा चाळीशी ओलांडतो, हिवाळ्यातल्या रात्री दहा-बारा अंशांवर थांबतात. म्हैसमाळ सुमारे हजार मीटर. महाराष्ट्राचे सर्वोच्च टोक असलेले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अतिविष जिथून दिसायला लागते त्याच्याही कितीतरी खाली. जमीनही पाहा. अतिविषाला पानांच्या कुजीने भुसभुशीत झालेली, निचऱ्याची, किंचित आम्ल माती लागते. आपली काळी माती विम्लधर्मी, पावसात चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळणारी.

या वनस्पतींवर देशात सर्वांत जास्त काळ काम करणाऱ्या संस्थांपैकी एक उत्तराखंडमधल्या श्रीनगर गढवालला आहे. हेमवतीनंदन बहुगुणा गढवाल विद्यापीठाचे ते उच्चशिखरीय पादप कार्यिकी शोध केंद्र. श्रीनगर गढवाल हे गाव अलकनंदेच्या काठी साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणजे संभाजीनगरच्याच उंचीवर, आणि आपल्यापेक्षा दहा अंश उत्तरेला, हिमालयाच्या कुशीत. हिवाळा तिथे आपल्याहून कडक. अतिविष खालच्या उंचीवर सहज पिकणारे असते तर या लोकांनी आपल्या दारातच शेती केली असती. त्यांनी आपले प्रक्षेत्र नेले ते तुंगनाथच्या कुरणांवर, साडेतीन हजार मीटरच्या आसपास, आणि खालची रोपवाटिका ठेवली ती पोथीबासाला, २,२०० मीटरवर. ज्यांनी या झाडामागे हयात घातली त्यांनी चढ चढायचे कष्ट घेतले. आपल्याकडे सल्ला देणारे मात्र सांगतात, की करमाडच्या रस्त्याला लागून दहा गुंठे असले तरी पुरे.

यावर उत्तर येते, की पॉलीहाउसमध्ये हवामान आपल्या हातात असते. ते किती हातात असते ते मोजू. मराठवाड्यातल्या पॉलीहाउसमध्ये गारवा आणायची नेहमीची सोय म्हणजे पॅड आणि पंखे. ओल्या पॅडमधून हवा खेचायची, पाण्याचे बाष्प होताना ती गार होते. कोरड्या मेमध्ये ही सोय हवा चाळीस अंशांवरून पंचविसाच्या आसपास आणते. पण त्यासाठी भरपूर पाणी लागते, आणि ते नेमके टँकरच्या महिन्यांत. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा पॅडचा उपयोग जवळपास संपतो. अतिविष वाढीला लागते ते नेमके त्याच महिन्यांत. तिथल्या कुरणावर तेव्हा रात्री पारा एक आकडी असतो, इथे बावीस-तेवीस.

म्हणजे मग उरते ते यंत्राने गार करणे. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. भर दुपारचे ऊन दर चौरस मीटरला आठशे वॉट तरी उष्णता टाकते. शेडनेटने त्यातली निम्मी अडवली असे धरले तरी चारशे किलोवॉट उष्णता सतत बाहेर फेकावी लागेल. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॉट फेकतो. म्हणजे सुमारे शहात्तर एसी. त्यांना वीज लागेल एकशेतीस किलोवॉटच्या आसपास, म्हणजे पाच अश्वशक्तीच्या पस्तीस मोटारी एकाच वेळी चालल्या तर लागेल तेवढी. आठ तासांत हजार युनिटच्या वर, आणि हे एका दिवसाचे. पीक तीन वर्षांचे. ज्याच्या कृषिपंपाला रात्रपाळीची वीज मिळते आणि ट्रान्सफॉर्मर जळाला तर आठवडाभर वाट पाहावी लागते, त्या शेतकऱ्याला हा सल्ला दिला जातो. बरं, हिमालयात पॉलीहाउस वापरतात ते रोपांना ऊब मिळावी म्हणून; बी रुजवायला, कोवळ्या रोपांना गारठ्यापासून जपायला. तिथले छायाचित्र इथे दाखवून काही सिद्ध होत नाही.

यंत्राने गारवा पुरवला आणि झाड जगले, तरी औषध तयार होईलच असे नाही. कुटकीवर हा प्रश्न तपासला गेला आहे. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा प्रौद्योगिकी संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की कुटकीच्या रोपांत पिक्रोसाइड ही तिची गुणकारी द्रव्ये १५ अंशांना २५ अंशांपेक्षा जास्त साठतात. वैद्य आरोग्यवर्धिनी देतो तेव्हा तिच्यातली बाकी सगळी द्रव्ये मिळून जेवढी भरतात तेवढी एकटी कुटकी असते. ती कुटकी उबेत वाढलेली, दिसायला धष्टपुष्ट आणि आतून फिकी निघाली, तर शेतकऱ्याचा माल चाचणीत नापास होईल, किंवा चाचणी न करताच रुग्णाच्या पोटात जाईल. दोन्हीपैकी काय वाईट ते सांगायची गरज नाही.

केशराचा दाखला सगळ्यात जास्त दिला जातो, म्हणून त्यावर थांबतो. पुण्यात आणि इतर शहरांत बंद खोल्यांत, ट्रेमध्ये केशर फुलवले जाते हे खरे आहे. पण फुलवणे आणि पिकवणे यांत फरक आहे. काश्मिरातल्या शेतात कंद भरतो, तेव्हाच फुलाला लागणारी शिदोरी त्याच्या पोटात साठलेली असते. खोलीत त्याला योग्य तापमान आणि आर्द्रता मिळाली की तो माती-पाण्याविना, साठवलेल्या शिदोरीवर फुलतो. काम काही आठवड्यांचे. फुले खुडल्यावर नवे कंद तयार करायला तोच कंद पुन्हा मातीत लावावा लागतो, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. केशराचे उत्पन्न फुलातल्या तीन तंतूंत आहे. अतिविषाचे उत्पन्न त्या कंदातच आहे, आणि तो भरायला उन्हाळे आणि बर्फ दोन्ही लागतात. शिवाय केशर किलोला लाखांत जाते, अतिविष काही हजारांत. खोलीचा खर्च सोसण्याची ताकद दोघांची सारखी नाही. शेतकऱ्यासमोर केशराचे फोटो दाखवून अतिविषाची रोपे विकणे ही फसवणूक आहे, मग ती करणारा स्वतः किती का भाबडा असेना.

सफरचंद आणि स्ट्रॉबेरीचे दाखलेही येतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सव्वातेराशे मीटरच्या वर आहे, तिची मातृरोपे बाहेरून येतात आणि तिला हवा असलेला गारवा तिथला हिवाळा देतो. एचआरएमएन-९९ हे कमी थंडीत फळणारे सफरचंद हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी सातशे मीटरच्या आसपास स्वतःच्या बागेत अनेक वर्षे निवडत, कलमे करत सिद्ध केले. आधी वाण आला, मग प्रसार झाला. अतिविषाचा असा एकही वाण नाही. आणि वनस्पती एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेऊ नये असे माझे म्हणणेच नाही. कुठ, ज्याला आपल्या बाजारात उपलेट म्हणतात, ते काश्मिरातून लाहौलला गेले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या शेतकऱ्यांनी त्यावर पैसा केला. पण ते एका उंच थंड खोऱ्यातून दुसऱ्या उंच थंड खोऱ्यात गेले.

उलट अनुभव आपल्याच राज्यात आहे आणि तो विसरला गेला आहे. १८६० च्या दशकात मुंबई सरकारने महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड केली. त्याच्या सालीतून निघणाऱ्या क्विनाइनची गरज साम्राज्याला किती होती हे वेगळे सांगायला नको. पैसा सरकारचा होता, अधिकारी जाणते होते, रोपे अस्सल होती. निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरात हाच सिंकोना रुजला. लिंगमळ्यात तो फसला आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला. अँडीजच्या या झाडाला वर्षभर विखुरलेला ओलावा हवा. महाबळेश्वरला चार महिने आभाळ कोसळते आणि पुढे आठ महिने कोरडे जातात. तिथे उंची होती, थंडावा होता, तरी एवढ्या एका कारणाने जमले नाही. मराठवाड्यात तर उंची नाही आणि थंडावाही नाही.

पैशाकडे वळू, कारण हा सगळा खेळ शेवटी पैशाचा आहे. जिथे माल विकण्याआधी रोपे विकली जातात, तिथे कमाई रोप विकणाऱ्याची होते. सफेद मुसळीचे दिवस आठवा. ती तर आपल्या मातीतली. तिच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे, गौताळ्याच्या डोंगरातही ती उगवते. तरीही लागवडीची मुळे महाग विकून सुरुवातीचे पैसेवाले झाले, आणि पीक हातात आले तेव्हा खरेदीचा शब्द देणारे दिसेनासे झाले. अमेरिकन केशर या नावाने करडईचे बी विकले गेले. ज्या मराठवाड्यात करडई आज्या-पणज्यांच्या काळापासून पिकते, तिथेही लोक त्याला भुलले. इमू आला, २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांचा घोटाळा उघडकीला आला. दर वेळी नाव परके, भाव डोळे दिपवणारे आणि खरेदीची हमी तोंडी. अतिविषात हे आणखी सोपे आहे, कारण काढणीला तीन वर्षे लागतात. रोप खोटे होते हे कळेपर्यंत विकणारा दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेला असतो.

आणि रोप खरे असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो. अतिविष धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे, कारण कित्येक दशके ते कुरणांतून बी धरण्याआधीच खणून काढले गेले. हिमालयातल्या शेतकऱ्यांनाच लागवडीचे साहित्य पुरत नाही. अशा वेळी संभाजीनगरला दहा हजार रोपे देऊ करणारा ती आणतो कुठून? याचे प्रामाणिक उत्तर बहुधा जंगल हेच असणार. म्हणजे इथे मरण्यासाठी तिथली कुरणे ओरबाडायची.

दुसऱ्या टोकाचे काही वैद्यमित्र म्हणतात, की लागवडीचे अतिविष निःसत्त्व असते, जंगलातलेच घ्यावे. त्यांच्याशीही माझा वाद आहे. मूळ उंचीवर, मूळ मातीत, पूर्ण मुदतीने वाढवलेल्या कंदाला केवळ माणसाने लावला म्हणून हीन ठरवायला काही आधार नाही. जंगलातून मात्र घाईने, अपक्व खणलेले कंद येतात. चमोली जिल्ह्यातल्या घेस गावाने कुटकीच्या शेतीत नाव कमावले आहे. उत्तराखंडात गोपेश्वरच्या जडीबुटी शोध संस्थेकडे शेतकरी नोंदणी करतात, त्यामुळे शेतातला माल आणि जंगलातला माल कागदावर वेगळा ओळखता येतो. पानांचे खत घालून तयार केलेले वाफे, हिवाळ्याआधी टाकलेले बी, दोन पावसाळे हाताने केलेली खुरपणी, तिसऱ्या शरदात बी गळल्यावर खणणी, मोठे कंद सावलीत वाळवायचे आणि लहान परत मातीत, असे हे काम आहे. ते करणाऱ्याला जंगलातून खणून आणणाऱ्यापेक्षा जास्त भाव मिळाला तरच अतिविष वाचेल. वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कारखान्यांनी आणि आपल्या वैद्यांनी नोंदणीकृत शेतातला माल मागावा, जास्त पैसे मोजावेत, आणि तसे वेष्टनावर छापावे. गरज कमी करायचा मार्गही शास्त्रात आहे. भावप्रकाशात अतिविष नसल्यास मुस्ता घ्यावा असे सांगितले आहे. मुस्ता म्हणजे मोथा, आपल्या शेतातला लव्हाळा. २०१५ मध्ये बंगळुरूच्या अभ्यासकांनी या बदलाचा रासायनिक पाया तपासून पाहिला. जिथे वैद्याचा विवेक परवानगी देईल तिथे हा पर्याय वापरला तर कुरणावरचा भार तेवढा हलका होईल.

मग मराठवाड्याने वनौषधी लावूच नयेत का? जरूर लावाव्यात. अश्वगंधा आणि शतावरी इथल्या हलक्या जमिनीत येतात, पण खरेदीदार लेखी ठरल्याशिवाय एकरभरही लावू नयेत. करडईकडे मात्र मी आग्रहाने बोट दाखवीन. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तिचे वाण दिले आहेत, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, ज्यांच्या पाकळ्या हाताने वेचता येतात. तेल आहे, पाकळ्यांचा औषधी उपयोग आहे, रब्बीत ओलाव्यावर येते, काटेरी वाण असेल तर जनावरे शेतात घुसत नाहीत. तिचे क्षेत्र मात्र घटत चालले आहे आणि तिच्यासाठी कोणी मंडप टाकत नाही, कारण तिची रोपे विकता येत नाहीत.

प्रयोगाला माझा विरोध नाही. कृषी विद्यापीठाने एका शीतकक्षात अतिविषाच्या पन्नास कुंड्या लावाव्यात. बी नोंदणीकृत शेतातून आणावे. तीन वर्षे वाढवून कंद खणावेत, अतिसीनचे प्रमाण मोजावे, आणि विजेचे बिल धरून किलोला किती खर्च आला तो आकडा जाहीर करावा. तो बाजारभावाच्या आत बसला तर माझा सगळा प्रतिवाद मी जाहीरपणे मागे घेईन. तोवर हा प्रयोग शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून करू नये, आणि रोपांच्या नोंदणीचा फॉर्म घेऊन येणाऱ्याकडून आधी तीन वर्षांनंतरच्या खरेदीचा करार स्टॅम्प पेपरवर, बँक हमीसह लिहून घ्यावा.